बस्टर कीटनला बोलपटांनी बुडवलं की करारानं?

तिसरी_घंटा

बस्टर कीटनवर जे लेख वाचायला मिळतात त्यांचा शेवट ठरलेला असतो. मूकपटांचा बादशहा, मग बोलपट आले, आवाज चालला नाही, दारू लागली, संपला. पण तारखा मांडायला बसलं की हे गणित फसतं. एमजीएम या बड्या स्टुडिओशी करार जानेवारी १९२८ चा. त्यानंतरचे त्याचे पहिले दोन चित्रपट, ‘द कॅमेरामन’ (१९२८) आणि ‘स्पाइट मॅरेज’ (१९२९), मूकच आहेत. नायक म्हणून तो पहिल्यांदा बोलला ‘फ्री अँड ईझी’मध्ये, १९३० साली. मग घसरण करारापासून मोजायची की आवाजापासून?

दुसरा प्रश्न पैशाचा. त्याच काळातले विनोदवीर चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड शेवटपर्यंत गडगंज राहिले. कीटनवर १९३४ मध्ये दिवाळखोरी जाहीर करायची वेळ आली. इतका फरक का?

तिसरा, ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मधली अंगावर पडणारी घराची भिंत, जिच्यातून तो नेमका खिडकीच्या जागी उभा असल्यानं वाचतो. खरी होती की कॅमेऱ्याची करामत? आणि मान मोडली तरी काम करत राहिला ही गोष्ट खरी की प्रसिद्धीखात्यानं रचलेली?

शेवटचा जरा बारीक: एकाच चित्रपटाच्या चार प्रती पाहिल्या तर चारींची लांबी वेगळी. कुठली धरायची?

खातेवही

करारापासूनच मोजा. पण बी त्याच्याही आधी पेरलेलं आहे.

हॉलिवूडमध्ये लिलियन वे या रस्त्यावर कीटनचा स्टुडिओ होता. जागा जुनीच, चॅप्लिनचा ‘लोन स्टार’ स्टुडिओ पूर्वी तिथंच होता. कंपनीचं नाव पुढं ‘बस्टर कीटन प्रॉडक्शन्स’ झालं. पाटीवर नाव कीटनचं, पण कंपनीत त्याचा एकही शेअर नव्हता. शेअर होते निर्माता जोसेफ स्केंककडे, त्याचा भाऊ निकोलसकडे आणि त्यांच्या व्यवहारातल्या मंडळींकडे. कीटनला आठवड्याला १००० डॉलर आणि निव्वळ नफ्यातले २५ टक्के. यातला ‘निव्वळ’ हा शब्द नीट वाचा. वितरकाचा वाटा, प्रिंटा, जाहिरात हे सगळं वजा जाऊन काही उरलं तर त्यातला चौथा हिस्सा. ‘द जनरल’ला खर्च आला सुमारे साडेसात लाख डॉलर आणि अमेरिकेतली कमाई पावणेपाच लाखांच्या आसपास. त्या चित्रपटात जळत्या पुलावरून खरं इंजिन नदीत कोसळतं तो शॉट २३ जुलै १९२६ ला ऑरेगॉनमध्ये कॉटेज ग्रोव्हजवळ घेतला. त्या एका शॉटचा खर्च सुमारे ४२,००० डॉलर सांगतात. इंजिन तसंच नदीत पडून राहिलं आणि दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेलं. आज तो चित्रपट सर्वोत्तमांच्या याद्यांत असतो. तेव्हा मात्र मालकांनी वही उघडली आणि हात आखडता घेतला.

बरं, जोसेफ स्केंक नुसता मालक नव्हता, साडू होता. स्केंकची बायको नॉर्मा टॅलमॅज आणि कीटनची बायको नॅटली टॅलमॅज या सख्ख्या बहिणी. कीटनचं लग्न ३१ मे १९२१ चं. साडूशी बोलताना कुणी वकील बरोबर नेत नाही. पैशाचं सगळं स्केंक बघायचा, कीटन सही करायचा. ही व्यवस्था सात-आठ वर्षं उत्तम चालली, कारण स्केंक चित्रीकरणात नाक खुपसत नसे. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मग स्केंक युनायटेड आर्टिस्ट्स या वितरण कंपनीच्या कारभारात गुंतला आणि स्वतंत्र स्टुडिओ गुंडाळायचं ठरलं. कीटनला त्यानं भावाकडे धाडलं. निकोलस स्केंक तोवर एमजीएमच्या मूळ कंपनीचा, लोव्ज्‌चा, अध्यक्ष झाला होता. चॅप्लिन आणि लॉइड दोघांनीही नको जाऊ म्हणून सांगितलं. तो गेला, आणि १९६० च्या आत्मचरित्रात ही आयुष्यातली सर्वांत मोठी चूक असं लिहून मोकळा झाला.

पैशात मात्र तो तेव्हा वर गेला. एमजीएमचा पगार आठवड्याला ३००० डॉलर, म्हणजे वर्षाला १,५६,०००. गेला तो स्टुडिओ, ठरलेली माणसं, आणि पुन्हा शूट करायचा अधिकार.

चॅप्लिन १९१९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सच्या चार संस्थापकांपैकी एक. स्टुडिओ स्वतःचा, नेगेटिव्ह स्वतःच्या. लॉइड १९२३ मध्ये निर्माता हॅल रोचपासून वेगळा झाला, स्वतःची कंपनी काढली, चित्रपट मुठीत ठेवले. इतके घट्ट ठेवले की पुढच्या पिढ्यांना ते पाहायलाच मिळाले नाहीत आणि नाव मागं पडलं, पण ते वेगळं दुखणं. कीटनकडे त्याच्या एकाही मोठ्या मूकपटाची मालकी नव्हती. तिकीटबारीवर तो या दोघांच्या बराच मागं होता हेही लक्षात ठेवा. तिघांना एका ओळीत बसवायची पद्धत नंतरची.

खिळ्याची_खूण

खातेवही यांनी ‘पुन्हा शूट करायचा अधिकार’ एका ओळीत उरकला. माझ्या मते सगळा घोळ तिथंच आहे, कारण कीटनच्या विनोदाचं यंत्रच त्यावर चालायचं.

त्याच्याकडे लिहिलेली पटकथा नसे. जीन हॅवेझ, क्लाइड ब्रुकमन, जो मिचेल असे तीन-चार गॅगमन (विनोदाच्या युक्त्या, म्हणजे गॅग, सुचवणारे), तांत्रिक बाजूला फ्रेड गॅबरी, कॅमेऱ्यामागे एल्जिन लेस्ली. सुरुवात आणि शेवट ठरला की कामाला लागायचं, मधलं आपोआप सुचतं हा हिशेब. अडलं की चित्रीकरण थांबवून सगळे बेसबॉल खेळायला. तोडगा निघाला की परत कॅमेरा. मग चित्रपट कच्चा जोडून अनोळखी प्रेक्षकांना दाखवायचा आणि हशा कुठं येतो, कुठं येत नाही ते बघायचं.

दोन उदाहरणं सांगतो, त्यावरून कळेल.

‘सेव्हन चान्सेस’चा (१९२५) शेवट पडत होता. चाचणी खेळात एका ठिकाणी लोक अनपेक्षित हसले. नीट पाहिलं तर डोंगरउतारावर पळताना कीटनच्या पायानं दोन-तीन दगड सुटले होते आणि त्याच्या मागं घरंगळत येत होते. मंडळी परत गेली, छोट्या फळाएवढ्यापासून आठ फूट व्यासापर्यंतचे सुमारे १५०० नकली दगड बनवले आणि ती दगडांची शर्यत उभी केली. आज तो चित्रपट त्या दगडांसाठी लक्षात आहे.

उलटं उदाहरण ‘द नॅव्हिगेटर’चं (१९२४). कीटन पाणबुड्याच्या पोशाखात समुद्रतळाशी जहाज दुरुस्त करतोय. तिथं माशांची रांग जायला बघते आणि तो एक स्टारफिश छातीला लावून वाहतूक पोलिस होतो. महागडा गॅग, जाहिरातीच्या तुकड्यात लोक पोट धरून हसले. पूर्ण चित्रपटात मात्र गप्प. कारण त्याच वेळी वर नायिका संकटात आहे, आणि हा खाली माशांची वाहतूक कशाला सांभाळतोय असं प्रेक्षकाला वाटतं. कापला. हे पाण्याखालचं काम लेक टाहोच्या गारठ्यात केलेलं होतं, तरी कापला. (जहाज म्हणजे ‘ब्युफर्ड’. १९१९ मध्ये अराजकतावादी एमा गोल्डमनसह हद्दपार केलेल्यांना अमेरिकेबाहेर नेलं ते हेच.)

आता ही पद्धत एमजीएममध्ये बसवून बघा. तिथं आधी पटकथा मंजूर, मग खर्चाचा अंदाज, मग दिवसांचं वेळापत्रक. बेसबॉल खेळायला थांबलात तर तासाचं बिल चढतं. ‘द कॅमेरामन’च्या वेळी कीटननं भांडून थोडी मोकळीक मिळवली. रिकाम्या यांकी स्टेडियममध्ये तो एकटाच अख्खा बेसबॉलचा सामना मूकाभिनयात खेळतो तो प्रसंग त्या मोकळिकीतला. ‘स्पाइट मॅरेज’मध्ये झिंगलेल्या नवरीला पलंगावर निजवायचा प्रसंग निर्माता लॉरेन्स वाइनगार्टनला कापायचा होता, कीटन अडून बसला म्हणून राहिला. पुढं अडून बसायची ताकद संपली. गॅबरी एमजीएमच्या यंत्रणेत सामावला, गॅगमन विखुरले.

आणि पात्र बदललं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आधीचा कीटन म्हणजे मिस्त्री डोक्याचा माणूस. ‘द जनरल’मध्ये रुळावर आडवा पडलेला ओंडका उचलायला वेळ नाही, तर तो हातातल्या दुसऱ्या ओंडक्यानं नेमक्या टोकावर घाव घालून पहिला उडवतो. अडचण, अंदाज, उपाय. एमजीएमनं त्याला एल्मर केलं. चित्रपट वेगळे, पण नाव बहुतेक ठिकाणी एल्मर, आणि अक्कल बेताची. लोक याच्यावर हसणार, याच्या युक्तीवर नाही. पुढं जिमी ड्युरँटी या विनोदी नटाला जोडीला दिलं. तो भडाभडा बोलणार, हा बाजूला उभा.

भिंतीबद्दल. खरी होती. १९२७ मध्ये सॅक्रामेंटोला नदीकाठच्या सेटवर. कल्पना जुनीच: ‘बॅक स्टेज’ (१९१९) मध्ये नेपथ्याचा पडदा पडतो, ‘वन वीक’ (१९२०) मध्ये घराची भिंत. ‘स्टीमबोट’मध्ये फक्त वजन वाढवलं, सुमारे दोन टन. क्रम असा होता:

आधी नुसता सांगाडा उभा केला आणि तळाच्या बिजागऱ्या घट्ट आहेत ना ते तपासलं. छप्पर उंच त्रिकोणी घेतलं, कारण साध्या घराच्या वरच्या मजल्याची खिडकी १२ फुटांवर येते, त्यांना १८ फुटांवर हवी होती. मग सांगाडा जमिनीवर आडवा पाडला आणि कीटनच्या भोवती खिडकीची चौकट आखली. दोन्ही खांद्यांना, डोक्याला आणि टाचांना प्रत्येकी २ इंच मोकळे. टाचा जिथं येणार तिथं जमिनीत मोठे खिळे ठोकले. मग सांगाडा परत उभा करून त्यावर फळ्या, रंग, फाटलेल्या कडा, आतल्या खोल्या.

धोका वजनाचा कमी आणि वाऱ्याचा जास्त होता. वादळासाठी लिबर्टी विमान-इंजिनांचे सहा पंखे लावले होते. त्यांचा झोत पडत्या भिंतीच्या दर्शनी बाजूवर आला असता तर भिंत पिळली असती आणि २ इंचांचा हिशेब तिथंच संपला असता. म्हणून वारा पुढं आणि मागं सोडला, भिंतीवर नाही. एकच टेक. तो खिळ्यांवर टाचा ठेवून उभा राहिला, बस्स. बघताना मान हलते का ते पाहा, हलत नाही.

या चित्रपटात मुळात पूर दाखवायचा होता. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर पुरावर विनोद नको, असं कार्यालयातून ठरलं आणि बांधलेले सेट चक्रीवादळासाठी फिरवावे लागले.

मान: तीही खरी. ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये (१९२४) तो मालगाडीच्या टपावरून धावत येऊन पाण्याच्या टाकीच्या नळाचा दोर धरतो. नळ खाली येतो आणि पाणी सुटतं. झोताचा जोर अंदाजापेक्षा फार निघाला, हात सुटला, मान रुळावर आपटली. काही दिवस डोकं भयंकर दुखलं, काम चालूच. मानेचं हाड मोडून जुळल्याचं कित्येक वर्षांनी, एका तपासणीतल्या क्ष-किरण चित्रात कळलं. तो शॉट चित्रपटात आहे. आपटल्यावर तो उठून पळतो तेही त्यातच आहे.

तिसरी_घंटा

दोघांचे आभार. मग दारू कुठं बसते यात? करार झाला म्हणून प्यायला लागला, हे जरा सोयीचं नाही का वाटत?

समासातली_टीप

सोयीचं आहेच. वरच्या दोन्ही उत्तरांत कीटनला निर्दोष सोडल्यासारखे झाले आहे, म्हणून भर घालतो.

दारू घरात होती. वडील जो कीटन, आई मायरा आणि हा असा ‘थ्री कीटन्स’ नावाचा रंगमंचावरचा खेळ. जन्म ४ ऑक्टोबर १८९५, कॅन्सस राज्यातले पिक्वा गाव. बाप पोराला स्टेजभर फेकायचा. त्यासाठी पोराच्या कोटाला पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असे. मुलांवरील क्रौर्य रोखणाऱ्या न्यूयॉर्कच्या संस्थेने या खेळाच्या मागे बराच ससेमिरा लावला होता. अंग सैल सोडून पडण्याचे शिक्षण इथले, आणि हसलो तर प्रेक्षक कमी हसतात हा धडाही इथलाच. (तो कधीच हसला नाही, हे चूक आहे. १९१७ च्या ‘कोनी आयलंड’मध्ये खदखदून हसताना दिसतो.) पुढे बापाचे पिणे इतके वाढले की हवेत फेकल्यावर कुठे पडू याची खात्री राहिली नाही. १९१७ च्या सुरुवातीला खेळ मोडला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कीटन विनोदी नट रॉस्को आर्बकलच्या ‘द बुचर बॉय’मध्ये कॅमेऱ्यासमोर आला.

१९१८ मध्ये पायदळातून फ्रान्सला गेला. तिथे कानाला संसर्ग झाला आणि ऐकू येणे कायमचे कमी झाले. बोलपटाच्या चर्चेत सगळे त्याच्या आवाजाविषयी लिहितात. आवाज उत्तम होता, खर्जातला, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. आवाज वाईट असता तर एमजीएमने ‘फ्री अँड ईझी’ त्याच्याकडून स्पॅनिशमध्ये आणि ‘पार्लर, बेडरूम अँड बाथ’ फ्रेंच व जर्मनमध्ये पुन्हा करून घेतले नसते. या भाषा त्याला येत नव्हत्या, उच्चार ऐकून घोकायचा. आणि हे बोलपट पडलेही नाहीत. ‘द जनरल’पेक्षा त्यांचा गल्ला चांगला होता. इथेच गोची झाली. पैसे येत असताना, मला माझ्या पद्धतीने करू द्या, हे कुणाच्या गळी उतरवणार?

तेव्हा क्रम असा दिसतो. १९३० पर्यंत तो पितो, पण काम बिघडत नाही. १९३१-३२ मध्ये चित्रीकरण चुकू लागते. १९३२ मध्ये घटस्फोट. बेव्हर्ली हिल्समधला ‘इटालियन व्हिला’, १९२६ चा, सुमारे तीन लाख डॉलरचा, म्हणजे एमजीएमचा जवळजवळ दोन वर्षांचा अख्खा पगार, बायकोकडे गेला. दोन्ही मुलांचे आडनाव पुढे टॅलमॅज करण्यात आले. फेब्रुवारी १९३३ मध्ये एमजीएमने काढून टाकले. तेव्हाचा त्याचा शेवटचा चित्रपट ‘व्हॉट! नो बीअर?’, विषय दारूबंदी उठण्याचा, आणि नायक कित्येक प्रसंगांत खराच झिंगलेला. लक्षात घ्या, देशात दारूबंदी डिसेंबर १९३३ पर्यंत कायद्याने चालू होती.

१९३३ मध्ये दुसरे लग्न, तेही टिकले नाही. १९३४ मध्ये दिवाळखोरी. १९३५ मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात मानसोपचार कक्षात दाखल. त्यानंतर काही वर्षे दारू बंद.

करार आणि दारू यांत आधी कोण, असे विचाराल तर करार. पण करार एकट्याने एवढे करत नाही. चारही दोर चार-पाच वर्षांत तुटले: स्टुडिओ, माणसे, घर, मुले. आणि हातात पैसा टिकवायची सवय कधी लागलीच नव्हती, कारण लहानपणी व्यवहार बापाने पाहिला, मोठेपणी साडूने.

एक मोठी गफलत राहते. १९३३ नंतर तो ‘संपला’ नाही. एज्युकेशनल या कंपनीसाठी १६ लघुपट (१९३४ ते ३७), कोलंबियासाठी १० (१९३९ ते ४१). काही दिवसांत उरकलेले, बहुतेक सामान्य, पण सगळेच टाकाऊ नाहीत. १९३७ मध्ये एमजीएममध्येच परत, गॅगमन म्हणून, आठवड्याला १०० डॉलरवर. ज्या कंपनीने ३००० दिले तिथेच तिसाव्या हिश्श्यावर. मार्क्स बंधू आणि पुढे रेड स्केल्टन या विनोदी नटांना गॅग पुरवले. २९ मे १९४० ला एलनॉर नॉरिसशी लग्न. ती नर्तकी, त्याच्याहून २३ वर्षांनी लहान. हे लग्न शेवटपर्यंत टिकले आणि उतारवयातली सगळी कामे तिने सांभाळली. १९४७ पासून पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत खेळ. १९४९ मध्ये ‘लाइफ’ मासिकात जेम्स एजीचा मूकपटांतील विनोदावरचा लेख आला आणि लोकांनी मागे वळून पाहिले. ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये पत्त्यांच्या डावाला बसलेला तो, ‘लाइमलाइट’मध्ये (१९५२) चॅप्लिनबरोबर. १९५७ मध्ये पॅरामाउंटने त्याच्या आयुष्यावर चित्रपट काढला. त्यात तथ्य औषधापुरतेही नाही, पण मिळालेल्या ५०,००० डॉलरमध्ये वुडलँड हिल्सला घर झाले. मानद ऑस्कर १९६० च्या समारंभात. १९६५ मध्ये व्हेनिसला प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. फुप्फुसाच्या कर्करोगाने १ फेब्रुवारी १९६६ ला गेला, वय ७०. सिगारेट कधी सुटली नव्हती.

सोळा_चौकटी

प्रतींचा प्रश्न कुणी हातात घेतला नाही, मी घेतो.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). एक रीळ जास्तीत जास्त १००० फूट. सेकंदाला १६ चौकटींनी दाखवलं तर १००० फुटांना १६ मिनिटं ४० सेकंद, २० नं १३ मिनिटं २० सेकंद, २४ नं ११ मिनिटं ७ सेकंद. ‘शेरलॉक ज्युनिअर’ सुमारे ४००० फूट आहे. २४ नं तो ४५ मिनिटांच्या जरा आत बसतो, २० नं ५३ च्या पुढं जातो. एक चौकटही कापलेली नसताना एवढा फरक पडतो. तेव्हा ‘लांब प्रत म्हणजे पूर्ण प्रत’ हा समज सोडा.

कॅमेरा हातानं फिरवायचा, म्हणून चित्रणाचा वेग प्रसंगागणिक बदलतो. पाठलागाला मुद्दाम हळू फिरवायचे, पडद्यावर तो जलद दिसावा म्हणून. शिवाय थिएटरात दाखवायचा वेग चित्रणाच्या वेगापेक्षा थोडा जास्तच असे आणि कीटनची मंडळी ते धरून काम करत. म्हणून सगळं ‘नैसर्गिक’ वेगाला आणलेल्या प्रती मवाळ वाटतात, गॅग रेंगाळतात. वेग तपासायचा तर पाठलागाकडे पाहू नका. बसून बोलणारी माणसं, धूर, ओतलं जाणारं पाणी बघा.

चित्रण किती वेगानं झालं हे मोजताही येतं. मोकळी पडणारी वस्तू १६ फूट पडायला जवळजवळ नेमका १ सेकंद घेते, ४ फुटांना अर्धा. पडायला सुरुवात झाल्यापासून टेकेपर्यंतच्या चौकटी मोजा. १६ फुटांना २० चौकटी लागल्या तर कॅमेरा २० नं फिरत होता. यात दोन ठिकाणी फसगत होते. एक, डिजिटल प्रतीत २० चे २४ किंवा २५ करताना मधल्या चौकटी दुबार छापतात. त्या वगळून फक्त वेगळ्या दिसणाऱ्या चौकटी मोजायच्या. पात्र चालताना दर थोड्या वेळानं अडखळल्यासारखं दिसलं की दुबार चौकटी आहेत समजा. दोन, बिजागरीवर फिरणारी भिंत मोकळी पडत नाही, तिला हे सूत्र लावू नका.

लांबीखेरीज चौकटीची रुंदी बघा. मूकपटाची चौकट फिल्मची पूर्ण रुंदी वापरते. नंतरच्या काळात ध्वनिपट्टी जोडून काढलेल्या प्रतींत डावीकडची कड त्या पट्टीखाली जाते, आणि अनेकदा वरखालूनही कापतात. कीटन अख्खं शरीर चौकटीत ठेवून काम करायचा, त्यामुळं प्रसंगामागून प्रसंग पाय तुटलेले दिसले तर ती प्रत टाकून द्या.

शिवाय ‘द जनरल’सारख्या चित्रपटांच्या दोन नेगेटिव्ह असत, एक अमेरिकेसाठी, एक परदेशासाठी, दोन कॅमेऱ्यांनी किंवा दोन टेकमधून. म्हणून एकाच प्रसंगात कॅमेरा जरा डावी-उजवीकडे सरकलेला दिसतो. खोटी प्रत नव्हे ती.

मूळ नायट्रेट (जुन्या, सहज पेट घेणाऱ्या फिल्मवरच्या) प्रती वाचल्या यात थोडा योगायोग आहे. ‘इटालियन व्हिला’ पुढं अभिनेता जेम्स मेसननं घेतला आणि तिथं कीटनच्या चित्रपटांच्या प्रती सापडल्या. चित्रपट-संग्राहक रेमंड रोहाउअर १९५४ मध्ये कीटनला भेटला, त्यानं नायट्रेटच्या प्रती सुरक्षित फिल्मवर उतरवल्या आणि हक्क गोळा केले. चित्रपट जगले त्याच्यामुळं. पण हक्क सांगता यावा म्हणून काही ठिकाणी मजकुराच्या पाट्या आणि जोडणी बदलली गेली, तेही त्याच्याच काळात. २०१५ पासून बोलोन्याचं सिनेमाथेक आणि कोहेन संग्रह मिळून वेगवेगळ्या देशांतल्या प्रती ताडून चित्रपट नव्यानं दुरुस्त करत आले आहेत. सध्या निवड करायची तर आधी त्या बघा.

हक्कांचं एवढं ध्यानात ठेवा की १९२० च्या दशकातले हे मूकपट अमेरिकेत आता सार्वजनिक झाले आहेत, पण नव्या प्रतीला जोडलेलं संगीत नाही. जाहीर खेळ करणार असाल तर आवाज बंद ठेवा किंवा संगीतकाराची परवानगी घ्या.

खिळ्याची_खूण

वेगावरून एक आठवलं. ‘द प्लेहाउस’मध्ये (१९२१) नऊ कीटन एका ओळीत दिसतात. त्या आधी ‘द इलेक्ट्रिक हाउस’च्या सरकत्या जिन्यात पाय अडकून त्याचा घोटा मोडला होता, म्हणून उड्या नसलेला विषय घेतला. लेस्लीनं भिंगापुढं नऊ पट्ट्यांची झडप बसवली. एक पट्टी उघडायची, एक कीटन टिपायचा, झाकण लावून फिल्म नेमकी सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळायची, पुढची पट्टी उघडायची. असं नऊ वेळा, आणि दर वेळी हँडल त्याच चालीत फिरलं पाहिजे, नाहीतर दोन शेजाऱ्यांचे पाय ठेक्यात पडणार नाहीत. आठ बरोबर आले आणि नववा चुकला तर सगळी फिल्म फुकट.

तेव्हा त्या प्रसंगाची जी प्रत कुणी मधल्या चौकटी घालून ‘गुळगुळीत’ केलेली असेल ती बघू नका. नाचताना पायांच्या कडा पुसट होतात आणि लेस्लीचा हात किती स्थिर होता ते कळतच नाही.

तिसरी_घंटा

‘शेरलॉक ज्युनिअर’ची माझ्याकडची प्रत ५३ मिनिटांची आहे आणि त्यात पात्रं चालताना अडखळतात. दुबार चौकटीच असणार. ४५ ची शोधतो.